बेचकी

आधी गाठ दिसली, मग बरगडी. याच क्रमाने त्याचा घात केला. दुपारचा चहा अर्धा पिऊन बाजूला ठेवलेला, खोलीतले दिवे नेहमीसारखे मंद, पडदे ओढलेले. बाहेर लख्ख ऊन असलं तरी या खोलीत बारा महिने तिन्हीसांजच असायची. त्याने पुढची केस उघडली आणि माउसचं चाक फिरवत एका अनोळखी माणसाच्या छातीत वरून खाली उतरू लागला. गळ्याजवळची हाडं गेली, फुप्फुसांचे शेंडे गेले, आणि मग उजव्या बाजूला, असायची तिथेच, गाठ. मनाने सवयीने शेरा मारून टाकला : वाढली. असा शेरा मारायला त्याच्या मनाला काहीच कष्ट पडत नसत; भाजीवालीला वस्तू हातात घेतल्याबरोबर वजनाचा अंदाज येतो, तसंच. मोजमाप नंतरचं, कागदोपत्री. मग त्याची नजर अगदी रिकामटेकडेपणाने कडेला सरकली. उजवीकडची चौथी बरगडी पाठीकडून पुढे येता येता एकाची दोन झाली होती. त्याने चाक मागे फिरवलं, दोनाची एक झाली. पुन्हा पुढे, पुन्हा दोन. मग त्याने अख्खा पिंजरा स्क्रीनवर उभा करून फिरवून पाहिला. टोकाला फाटा फुटलेलं हाड. झाडाची फांदी तोडून पोरं करतात तशी बेचकी. त्याचं बोट चाकावर तसंच राहिलं, आणि पेल्यातल्या चहावर साय धरेपर्यंत तो नुसता बघत बसला.

बघणं हे त्याच्या पोटापाण्याचं काम. फुप्फुसाचा कर्करोग पार पुढे गेलेल्या माणसांवर दोन औषधं एकत्र देऊन बघायची एक चाचणी चालू होती, आणि कुठकुठल्या इस्पितळांतून त्यांचे स्कॅन या खोलीत येत. पहिलं औषध सगळ्यांना मिळे. ते शरीराच्या पहारेकऱ्यांना जागं करतं म्हणत. दुसरं गाठीचा रक्तपुरवठा तोडणारं. पण ते निम्म्यांनाच खरं, उरलेल्यांना त्याच आकाराच्या बाटलीतून साधं सलाईन. कोणाला काय, ते रोग्याला माहीत नाही, सुई टोचणाऱ्याला माहीत नाही, आणि इथे मोजणाऱ्यांना तर रोग्याचं नावही माहीत नाही. एक क्रमांक आणि एक छाती, बस्स. दोघेजण वेगवेगळे बसून मोजत. त्यांचं जमलं नाही की केस तिसऱ्याकडे, म्हणजे त्याच्याकडे येई. तो म्हणेल ते अखेरचं. गाठ ठरलेल्या मर्यादेपलीकडे वाढली असं त्याने म्हटलं, की दोन्ही औषधं बंद आणि माणूस चाचणीबाहेर. नाही म्हटलं, की पुढची बाटली चालू. ‘आपण म्हणजे पंच,’ असं तो बायकोला एकदा फुशारकीने म्हणाला होता, आणि बायको म्हणाली होती, ‘घरात मात्र कधी शिट्टी वाजवता येत नाही तुम्हाला.’

दादाच्या छातीतली बेचकी त्यानेच शोधून काढली होती, तो डॉक्टर व्हायच्या आधी. दादाला पालिकेच्या तलावावर पोहणं शिकवायची नोकरी लागत होती आणि तब्येत ठणठणीत असल्याचा दाखला हवा होता. हा मेडिकल कॉलेजात शिकत होता. ‘फुकटात छातीचा फोटो काढून देतो,’ म्हणून ऐटीत दादाला घेऊन गेला. फिल्म घरी आणून खिडकीच्या काचेला धरली, तर चौथी बरगडी दुभंगलेली. जन्मतःच असते, काही त्रास नसतो, असं त्याने पुस्तकी आवाजात समजावून सांगितलं. दादा उघड्या अंगाने खिडकीपाशी उभा राहून स्वतःचीच छाती कौतुकाने बघत होता. ‘म्हणजे मी बेचकी घेऊनच जन्माला आलो की!’ आणि आई स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘तरीच! लहानपणापासून सगळ्यांना खडे मारत फिरतोय.’ तेव्हापासून लाडात आला की, किंवा चिडला की, तो दादाला बेचकी म्हणायचा. वहिनी लग्न होऊन घरात आल्यावर तिला या नावाचा अर्थ विचारायला संकोच वाटला होता, आणि अर्थ कळल्यावर ती इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं.

‘बाई,’ त्याने शेजारच्या खुर्चीकडे न बघता विचारलं, ‘दुभंगलेली बरगडी कितीजणांना असते हो?’

शेजारच्या खुर्चीत इस्पितळातून निवृत्त झालेल्या डॉक्टरीणबाई बसत. मोजायला इतक्या काटेकोर, की सगळे त्यांना पाठीमागे कर्कटकबाई म्हणत, आणि ते त्यांना ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं.

‘शंभरात एखाद्याला. का? परीक्षा घेताय माझी?’

‘नाही, सहज.’

‘तुमचं सहज म्हणजे काहीतरी असतं,’ बाई म्हणाल्या आणि पुन्हा आपल्या स्क्रीनकडे वळल्या.

शंभरात एखाद्याला. म्हणजे या शहरात बेचक्यांचा नुसता सुकाळ असणार. बसमध्ये शेजारी बसणाऱ्यांत, दुकानाच्या रांगेत, वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांत. त्याला जरा हायसं वाटलं. पण हायसं वाटता वाटता आठवलं, की दादाच्या छातीवर आणखी एक खूण आहे. उंच फळीवरून उलटी उडी मारायच्या नादात त्याने डाव्या खांद्याकडचं, गळ्याजवळचं हाड मोडून घेतलं होतं, आणि ते वेडंवाकडं जुळून तिथे एक गाठोडं झालं होतं, कपड्यावरूनही हाताला लागेल असं. आता ते हाड बघितलं की झालं. मघाशी उतरताना तो त्याच्यावरूनच गेला होता. नजरेखालून गेलं असणार, पण दिसलं नव्हतं. बोट चाकावर होतं. जरासं मागे फिरवायचं. समजा नाहीच फिरवलं तर? ही केस एका क्रमांकाची राहील, संध्याकाळी तो घरी जाईल, रविवारी दादाचा फोन येईल, दोघं हसतील. अंधारात पाय टाकताना शेवटची पायरी आहे की संपली, ते कळू नये तसं त्याचं झालं. मग त्याने चाक फिरवलं. डावं हाड, आणि त्यावरचं ते वेडंवाकडं गाठोडं.

त्याला पहिल्यांदा जे वाटलं ते दुःख नव्हतं, राग होता. गाढवाने सांगितलं नाही. आयुष्यात विडीकाडीला हात न लावलेला माणूस, पाण्यात जन्म काढलेला. खोकला झाला तर ‘तलावात औषध जास्त टाकतात हल्ली, घशाला लागतं,’ असं सांगायचा, आणि हा, जो दिवसभर लोकांच्या छात्या उघडून बघतो, तो फोनवर म्हणायचा, ‘गरम पाणी पी.’ गरम पाणी! मग एकेक गोष्ट उलगडायला लागली. वहिनीने फळं दहा वेळा धुवायला सुरुवात केली होती, आणि त्याने तिची थट्टा केली होती. त्याच्या घराचा जिना चढताना दादा मध्येच थांबून भिंतीवरची सोसायटीची सूचना वाचत उभा राहिला होता. पाणी येणार नाही एवढीच सूचना, पण दादा ती पोथी वाचावी तशी वाचत होता. आणि खाली आकडा दिसत होता, स्क्रीनच्या कोपऱ्यात, या रोग्याचे आधीचे स्कॅन कोणी मोजले त्याचा. त्याने तो वाचला. वाचलेल्यावर विश्वास बसेना म्हणून पुन्हा वाचला. त्याचा स्वतःचाच क्रमांक होता.

म्हणजे ही छाती याआधीही त्याच्याकडे आली होती. त्याने जुना स्कॅन शेजारी उघडला. तीच बेचकी, तेच खांद्याकडचं हाड, आणि गाठीवर त्याने स्वतः ओढलेली बारीक पिवळी रेघ, टोकापासून टोकापर्यंत, अगदी सुबक. तेव्हा त्याने ‘कमी झाली’ असं लिहिलं होतं. त्याला ती केस आठवलीसुद्धा. म्हणजे गाठ आठवली. बिबळ्याच्या ठशासारखी कडा असलेली ती गाठ अशी आकसलेली बघून त्याला बरं वाटलं होतं, आणि बाईंना तो म्हणाला होता, ‘चला, एकाचं तरी भलं झालं.’ गाठ आठवली आणि भाऊ दिसला नाही. मोजायचं ते मोजलं, बाकीचं माणूस कडेला पडून राहिलं. त्याच आठवड्यात एका संध्याकाळी दादाचा फोन आला होता, ‘सगळे या रे घरी, आइस्क्रीम आणलंय.’ कशाबद्दल, विचारलं तर म्हणाला, ‘कशाबद्दल काय, उन्हाळा आहे.’ त्या दिवशी दादा भलताच खुशीत होता, पोरांना पाठीवर घेऊन घरभर फिरला, मग धापा टाकत खाली बसला आणि म्हणाला, ‘म्हातारा झालो.’ सगळे हसले. हाही हसला. दोन भाऊ एकाच बातमीचं आइस्क्रीम खात शेजारी शेजारी बसले होते, आणि एकालाही दुसऱ्याचं ठाऊक नव्हतं. ही गोष्ट त्याला त्या अंधाऱ्या खोलीत असह्य झाली.

लहानपणी दादा तलावाच्या तळाशी जाऊन बसायचा. सुट्टीतल्या दुपारी, मोठी माणसं झोपलेली असताना. हा पाण्याला भिणारा, काठावर गुडघे जवळ घेऊन बसलेला. खेळाचा नियम एकच : दादा आपणहून वर येईपर्यंत याने ओरडायचं नाही. ‘तू ओरडलास की मी हरलो,’ असं सांगून दादा डोळे मिटायचा, छाती भरून घ्यायचा आणि खाली जायचा. मग खाली निळसर काहीतरी हलत राहायचं, कधी लांब, कधी बुटकं, कधी दादासारखं आणि कधी मुळीच दादासारखं नाही. याने आकडे मोजायचे. मोजता मोजता याचाच श्वास कोंडायचा. आकडे संपत नसत आणि दादा वर येत नसे, आणि प्रत्येक वेळी एक क्षण असा यायचा की याची खात्री पटायची, मेला. दादा मेला, आणि आपण नियम पाळत बसलोय. तरी तो ओरडत नसे, कारण दादाला हरवायचं म्हणजे काय! मग पाणी फुटायचं, दादाचं तोंड वर यायचं, लालबुंद, डोळे वटारलेलं, आणि पहिला शब्द ठरलेला : ‘किती झाले रे?’ आणि तो पाच-सहा आकडे वाढवून सांगायचा. नेहमी. दादाच्या तोंडावर जे हसू फुटायचं त्यासाठी. त्याच्या आयुष्यातली मोजमापाची सुरुवात ही अशी, खोटेपणाने झालेली.

तो नव्या स्कॅनकडे वळला. कडा पुसट होत्या, फोटो काढताना हललेल्या माणसासारख्या. यंत्रात सरकवल्यावर एक ध्वनिमुद्रित बाई सांगते : श्वास घ्या, रोखून धरा. जुन्या स्कॅनमध्ये फुप्फुसं पुरती फुगलेली, काचेसारखी स्वच्छ. पोहणाऱ्या माणसाचा भरगच्च श्वास. नव्यात श्वास मध्येच सुटला होता. कुठे सुटला तेसुद्धा दाखवता आलं असतं. अमुक इथपर्यंत रेघा ठाम आहेत आणि इथून खाली थरथरत गेल्यात. तलावाच्या तळाशी बसणाऱ्या दादाला यंत्रातल्या त्या बाईने सांगितलेला एवढासा श्वास पुरवता आला नव्हता. आणि श्वास अर्धाच असल्यामुळे गाठीभोवतीचं फुप्फुस आकसून तिला चिकटून बसलं होतं. गाठ कुठे संपते आणि आकसलेला भाग कुठे सुरू होतो, ते सांगणं अवघड होतं. दोघा मोजणाऱ्यांचं जमलं नाही ते इथेच. आतल्या कडेने रेघ ओढली की मर्यादेच्या अलीकडे, औषध चालू. बाहेरच्या कडेने ओढली की पलीकडे, बंद. त्याने आतल्या कडेने रेघ ओढून पाहिली. शोभत होती. कोणी विचारलं असतं तर तिचं समर्थनही करता आलं असतं. पुसली. बाहेरून ओढली. पुसली.

नियमाप्रमाणे रोग्याची ओळख पटली की केस परत करायची. आणि परत केलेली तिसऱ्याची केस शेजारच्या खुर्चीकडे जात असे. कर्कटकबाई अशा वेळी कशी रेघ ओढतात, हे त्याला डोळे मिटून सांगता आलं असतं : बाहेरून. शंका असेल तर ते गाठीतच धरायचं, असं त्यांचं मत होतं आणि त्यावरून दोघांची कितीदा वादावादी झाली होती. म्हणजे परत करणं याचा अर्थ दादाची बाटली बंद. आणि ठेवून घेणं याचा अर्थ? दुसऱ्या बाटलीत औषध आहे की सलाईन, तेच ठाऊक नाही. आतून रेघ ओढून तो दादाला कदाचित मिठाच्या पाण्यावर ठेवणार होता, आणि दुसरं काही करून बघण्याचे जे थोडे दिवस हातात असतील, तेही त्या पाण्यात जाणार होते. किंवा ते खरं औषधच असेल आणि तेच त्याला धरून असेल. मायेला रेघ ओढायला जागाच नव्हती. त्याला हसू आलं, भलतंच. इतकी वर्षं तो म्हणायचा, नावं नसतात तेच बरं, हात थरथरत नाहीत. आता नाव होतं आणि हातही थरथरत नव्हता. हात मुकाट्याने, कसलेल्या कारागिराच्या हातासारखा, जे सांगाल ते करायला तयार होता. त्यालाच तो भ्याला. आणि एक गोष्ट तर काही केल्या पुसता येत नव्हती. बेचकी दिसायच्या आधी, अजून ही नुसती एक छाती होती तेव्हा, त्याच्या मनाने शेरा मारला होता.

त्याने केस परत केली. कारणाच्या जागी ‘ओळखीचे’ एवढंच लिहिलं, आणि बराच वेळ त्या शब्दाकडे बघत राहिला.

‘माझ्याकडे आली की ही,’ बाई थोड्या वेळाने म्हणाल्या. मग त्यांचा आवाज बदलला. ‘कोण आहे हो?’

‘भाऊ. मोठा.’

बाईंनी चष्मा काढला. ‘जा तुम्ही बाहेर,’ त्या म्हणाल्या. ‘माझं मोजून होईपर्यंत इथे बसू नका. आणि संध्याकाळी घरची बस येईपर्यंत मी काही बोलणार नाही, तुम्हीही विचारू नका.’

‘नाही विचारणार.’

बाहेरच्या जिन्यावर ऊन असं अंगावर आलं की त्याला डोळे मिटावे लागले. खाली रस्त्यावर एक बाई मोटारीची काच पुसत होती. त्याने फोन लावला.

‘काय रे?’ दादाचा आवाज. मागे पाण्याचा गलका. ‘आज कसा काय? रविवार आधीच उजाडला का तुझा? की बायकोने घराबाहेर काढलं?’

‘तलावावर आहेस?’

‘मग कुठे असणार? काठावर बसलोय राजासारखा. कार्टी ऐकत नाहीत, उड्या मारतायत एकमेकांच्या डोक्यावर.’

‘शिट्टी वाजव की.’

‘शिट्टी दिली दुसऱ्याला,’ दादा म्हणाला. ‘फार फुंकावं लागतं.’

पाण्याचा आवाज तेवढा येत राहिला. याला वाटलं, आता बोललो नाही तर पुन्हा काठावर गुडघे जवळ घेऊन बसावं लागेल, आणि या खेपेला पाणी फुटणार नाही.

‘दादा.’

‘हं.’

‘वर ये आता.’

पलीकडे एक श्वास सुटला, लांब, आणि तो अर्ध्यातच मोडून खोकल्यात गेला. हा थांबून राहिला. खोकला संपायला वेळ लागला.

‘ओरडलास,’ दादा म्हणाला. ‘शेवटी ओरडलासच. तुझ्या वहिनीने सांगितलं?’

‘नाही. बेचकी दिसली.’

‘आयला!’ दादा म्हणाला, आणि त्याच्या आवाजात क्षणभर खरंखुरं कौतुक होतं. ‘म्हणजे ते फोटो तुझ्याकडे येतात?’

‘आले होते. परत केले. आता शेजारच्या बाई मोजणार. त्या म्हणतील ते खरं, मी म्हणेन ते नाही.’

‘ती मशीनमधली बाई श्वास रोखा म्हणत होती. रोखला रे मी. सुटला मध्येच.’

‘दिसलं.’

‘तेपण दिसतं?’

‘दिसतं, दादा.’

खाली बाईची काच पुसून झाली आणि तिने फडका पिळला. पलीकडे कोणीतरी पाण्यात धपकन उडी मारली, पोरं ओरडली. आता दादा विचारणार, हे याला कळलं होतं. तो शब्दही कळला होता.

‘किती झालं रे?’

याने फोन दुसऱ्या कानाला लावला.

‘हे बघ,’ दादा म्हणाला, ‘लहानपणी तू वाढवून सांगायचास. मला माहीत होतं. पण आज नको. कमी-जास्त काही करू नकोस.’

‘दादा, माझ्या मते... गेल्या खेपेपेक्षा वाढलंय.’

बोलून झाल्यावर तो जिन्याच्या पायरीवर खाली बसला. इतक्या वर्षांत त्याने दादाला पहिल्यांदाच खरा आकडा सांगितला होता.

‘हं,’ दादा म्हणाला. आवाज शांत होता, आणि अगदी जवळचा वाटत होता, नुकतंच डोकं पाण्याबाहेर काढल्यासारखा. ‘पाण्याखाली बसून मीही मोजायचो रे, दर वेळी. या दुखण्यातही मोजत होतो. माझंही तेवढंच आलंय.’